तुळजाजींची पाटी

श्राद्ध उरकून निघालेले वाध्यार, म्हणजे भटजी, गल्लीच्या वळणापर्यंतही पोचले नसतील, तोच राममूर्तीनं खताचं एक जुनं पोतं हॉलमध्ये आणून उपडं केलं. त्यातून धप्पकन भोपळ्याएवढा एक काळाकुट्ट लोखंडी गोळा फरशीवर पडला आणि घरंगळत अप्पांच्या फोटोखाली जाऊन थांबला. खिरीतल्या वेलदोड्याच्या वासात जळक्या तेलाचा वास मिसळला.

"अय्यो, मूर्ती! आज अप्पांची तिथी आहे," थोरली बहीण सीतालक्ष्मी म्हणाली.

"म्हणूनच आणलंय, अक्का. अप्पांच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे एकदा."

विद्युलता ओल्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आली. मिरजेहून मद्रासच्या या घरात येऊन तिला एकोणतीस वर्षं झाली होती, पण राग आला की तिचं बोलणं अजून थेट मिरजेचं व्हायचं. "भावजी, निदान खाली पेपर तरी घालायचा होता. पहाटे उठून पुसलीय मी ही फरशी."

तिनंच मग एक जुना तमिळ पेपर आणून त्या गोळ्याखाली सरकवला. तिचा नवरा गिरिधर वेताच्या खुर्चीत बसून कालचा पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली नाही.

सकाळपासून दोघं भाऊ गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. तीळ, दर्भ, पाणी, सगळं वाध्यारांनी सांगितलं तसं झालं. पण तुपाचं भांडंसुद्धा त्यांनी एकमेकांच्या हाती दिलं नाही. गिरिधरनं ते वाध्यारांकडे सरकवायचं आणि वाध्यारांनी राममूर्तीकडे. पंक्तीत सीतालक्ष्मीनं मुद्दाम दोघांच्या मधोमध डांगर पच्चडीचं, उडदाचं पीठ कालवलेल्या दह्याचं, पातेलं ठेवलं होतं. लहानपणी याच पच्चडीवरून दोघे एकमेकांच्या शेंड्या ओढायचे. आज पातेलं भरलेलं तसंच आत गेलं.

तो गोळा काय आहे हे सीतालक्ष्मीला ठाऊक होतं. टर्बो. असे तीन जळले होते. गिरिधरनं दोन वर्षांपूर्वी जे दोन नवे हार्वेस्टर घेतले, त्यांच्या इंजिनांना हे टर्बो होते. एक गेला मागच्या फेब्रुवारीत, दोन ऑक्टोबरच्या कापणीत. आणि प्रत्येक वेळी मन्नारगुडीच्या चिखलात, पिकल्या भाताच्या मधोमध, यंत्र काळा धूर ओकत उभं राहिलं. शेतकरी बांधावर उभे राहून राममूर्तीला नाही नाही ते बोलले. कारण मन्नारगुडीला राहून यंत्रं भाड्यानं चालवायचा तो. गिरिधर जॉर्ज टाउनचं सुट्या भागांचं दुकान बघायचा, आणि यंत्रं निवडायचा तो.

आता पाचवा हार्वेस्टर घ्यायचा होता. पोंगल आठ दिवसांवर आला होता. उद्या सकाळी आर्डर गेली नाही, तर पोंगलपासूनच्या थै महिन्याच्या कापणीला यंत्र मिळणार नव्हतं. गिरिधरला पुन्हा टर्बोचंच हवं होतं. राममूर्ती म्हणत होता, साधं इंजिन घ्या.

एवढंच असतं तर बरं होतं.

"मी सरळ विचारतो," राममूर्ती खाली मांडी घालून बसला. "तिरुवारूरच्या नायकरकडं हाच हार्वेस्टर आहे. हेच इंजिन. तीन वर्षं झाली, त्याचा एक टर्बो गेला नाही. आपले तीन गेले. कां म्हणून?"

"तेल चांगलं नसेल," गिरिधर पेपरामागून म्हणाला.

"तेल तुझ्याच दुकानातून येतं, अण्णा."

पेपर खाली आला. "मग काय म्हणायचंय ते स्पष्ट म्हण."

"मी नाही म्हणत. ऊर म्हणतं." गावाला ऊर म्हणायची सवय तिकडची. "मन्नारगुडीच्या बसस्टँडवर उभं राहून म्हणतात. मोठ्या भावाला डीलरनं काहीतरी दिलं, आणि जुनंच इंजिन रंगवून नवं म्हणून गळ्यात मारलं."

स्वयंपाकघरात पळी खाली पडली. विद्युलता दारात आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती काहीच बोलली नाही, आणि तेच सीतालक्ष्मीला सगळ्यात वाईट वाटलं. विद्युलता बोलत नाही असं त्या घरात सहसा होत नसे.

गिरिधरनं पेपराची नीट चौकोनी घडी केली. साठी उलटलेला माणूस, पण शाळेतल्या मुलासारखा त्या घडीच्या कडा बोटानं दाबत राहिला. "अक्का," तो म्हणाला, "अप्पांनी तीन वाटे केले. तिघांपैकी दोघं म्हणतील ते खरं. तेरा वर्षांत तुला कधी विचारायची वेळ आली नाही. आज विचारतो. तू साधं इंजिन घ्या म्हणालीस, तर मी काय समजायचं ते समजेन. उद्यापासून दुकानाची किल्ली मूर्तीकडं. मी माझा वाटा घेऊन मोकळा."

सगळे तिच्याकडे बघू लागले. अप्पासुद्धा, फोटोतून, चंदनाच्या हारामागून.

सीतालक्ष्मीनं चौतीस वर्षं रेल्वेच्या कचेरीत काढली होती. साहेब लोक एकमेकांवर फायली फेकत असताना शांत बसायचं आणि आधी दुसराच प्रश्न विचारायचा, ही युक्ती तिला तिथंच समजली होती.

"ते ऊर काय म्हणतं ते मागाहून," ती म्हणाली. "आधी इंजिनाचं बोला. मला कळेल असं बोला."

राममूर्तीला तेवढंच हवं होतं. "साधं इंजिन स्वतःच्या छातीनं श्वास घेतं, अक्का. बिघडलं तर पूवरसाच्या झाडाखाली बसून आपला ड्रायव्हर गुंडो उघडतो आणि सांजेला बांधतो. ह्या टर्बोला डीलरचा माणूस लागतो. तो येईस्तोवर भात आडवा होतो."

"आणि साध्यात तेवढी ताकद पाहिजे तर सहा सिलिंडरचं धूड घ्यावं लागतं," गिरिधर म्हणाला. "ते जड. आपल्या काळ्या चिखलात रुततं. जुन्या हार्वेस्टरला बाहेर ओढायला दोन-दोन ट्रॅक्टर कुणी लावले? टर्बो चारच सिलिंडरच्या इंजिनात जास्त हवा कोंबतो. इंजिन हलकं, ताकद तेवढीच, डिझेल कमी."

"आपल्या ट्रॅक्टरांना साधंच इंजिन आहे. वीस-वीस वर्षं चाललंय."

"ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी, मूर्ती! ट्रॅक्टर नांगर ओढतो, बांधाशी वळतो, तेवढ्यात त्याला दम खायला मिळतो. हार्वेस्टरला दम खायला वेळ कुठंय? कापायचं, झोडायचं, पाखडायचं, आणि वर चिखलातनं चालायचं. सगळं एकाच वेळी, दिवसभर."

"म्हणजे ट्रॅक्टर म्हणजे तुम्ही दोघं," विद्युलता दारातूनच म्हणाली, "आणि हार्वेस्टर म्हणजे मी."

खिडकीपाशी कुणीतरी खुदकन हसलं. ती हरिणी होती, राममूर्तीची मुलगी. ओरगडमला इंजिनांच्या एका कारखान्यात दोन वर्षांपासून नोकरीला होती. इंजिनं दिवसरात्र चालवून कधी मोडतात ते बघायचं, हे तिचं काम. इथंच आत्याजवळ राहायची आणि कंपनीच्या बसनं जायची-यायची. राममूर्तीच्या मिशासुद्धा जराशा हलल्या, पण त्यानं लगेच त्या आवरल्या.

"हरिणी, तू सांग," तो म्हणाला. "तू रोज हेच बघतेस. सांग तुझ्या पेरिप्पाला, हा माल जुना आहे की नाही."

हरिणी पुढं आली आणि चुडीदार सावरून त्या गोळ्यापुढं उकिडवी बसली. केसातली पिन काढली. आपला बाप एकीकडे आणि पेरिप्पा, म्हणजे मोठे काका, दुसरीकडे, आणि आपण मध्ये; सीतालक्ष्मीला त्या पोरीची दया आली.

तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली. "अक्का, आहेस की?"

गुंडो जेवून, पान खाऊन, हात धुऊन आला होता. अप्पांच्या हाताखाली चौदाव्या वर्षी लागलेला हा माणूस आता सगळ्या ड्रायव्हरांचा म्होरक्या होता. राममूर्तीला घेऊन कालच व्हॅन चालवत आला होता. त्याच्या काखेत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते उलगडलं. हिरव्या रंगानं रंगवलेला, चार कोपऱ्यांना चार भोकं पाडलेला पत्रा.

"नव्या वंडीची पाटी," तो म्हणाला. "रंग दोनदा दिलाय. तू फक्त अक्षरं काढ. पोंगलला टायराखाली लिंबू चिरडायच्या आधी पाटी बसली पाहिजे, मालकांचा नेम आहे."

नवी वंडी, म्हणजे नवा हार्वेस्टर, येणार की घरच मोडणार, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सीतालक्ष्मीनं पत्रा हातात घेतला आणि तिला चौऱ्याहत्तर साल आठवलं.

डिझेल मिळत नव्हतं तेव्हा. मन्नारगुडीच्या पंपापुढं ड्रमांची रांग लागायची, आणि ड्रमाशेजारी माणसं पत्रावळी अंथरून जेवायची. अप्पांकडे दोनच ट्रॅक्टर होते. एकदा अप्पांनी बघितलं, ड्रायव्हर बांधावर बसून गप्पा मारतोय आणि ट्रॅक्टर शेजारी नुसताच गुरगुरतोय. अप्पा रागानं लाल झाले. त्यांनी त्या ड्रायव्हरला रिकामा कॅन डोक्यावर देऊन दोन मैल पंपापर्यंत चालवलं आणि भरलेला कॅन डोक्यावरून परत आणवला. त्याच आठवड्यात मद्रासला येऊन त्यांनी सीतालक्ष्मीपुढं दोन पत्रे ठेवले. "तुझं अक्षर चांगलं. मोठं लिही. हात थांबला की इंजिन थांबलं पाहिजे." तिनं पांढऱ्या इनॅमलनं वर तमिळ आणि खाली मराठी अशी अक्षरं काढली. गच्चीवर पत्रे वाळत घातले. कावळ्यानं एकावर पाय दिला म्हणून तो पुन्हा लिहिला. तेव्हापासून घरात आलेल्या प्रत्येक यंत्राला तिच्या अक्षराची पाटी होती. अप्पा गेले, तरी होती.

"नाना," हरिणी बापाला म्हणाली. पिननं ती आतलं काहीतरी खरवडत होती. "एक गोष्ट आधी सांगते. हा जुना माल नाही. नवाच होता."

राममूर्ती पुढं वाकला.

"नीट बघ," तो म्हणाला.

"नीटच बघते. ही पाती बघा. एकसुद्धा घासलेलं नाही, धार तशीच आहे. धूळ गेली असती तर टोकं झिजली असती. जुन्याला रंग दिला असता तर हे स्क्रू उघडल्याच्या खुणा असत्या. नंबरही खोडलेला नाही. ऊर काही म्हणो, पेरिप्पांना कुणी फसवलं नाही. आणि त्यांनीही कुणाला नाही."

विद्युलता तिथंच दारात, उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावला. गिरिधर चष्मा काढून पुसू लागला.

"मग जळला कां?" राममूर्तीचा आवाज आता खाली आला होता, पण प्रश्न सुटला नव्हता. "नवा होता, चांगला होता, मग जळला कां? नायकरचा कां नाही?"

"तेच कळत नाही. मधला दांडा करपलाय. बघ, आत्या." हरिणीनं पिनेचं टोक पुढं केलं. त्यावर काळा, चमकदार, टणक कपचा होता. सीतालक्ष्मीनं बोटानं चाचपून बघितला. गुळाचा पाक करपून कढईला चिकटतो, अगदी तसा.

"हे तेल आहे," हरिणी म्हणाली. "इंजिनातलं तेल. हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, आणि धुराच्या बाजूनं लाल होईपर्यंत तापतो. तेल वाहतं म्हणून तो टिकतो. तेल असं करपायला ते वाहायचं थांबलं पाहिजे. पण चालू इंजिनात ते थांबत नाही. पंप तर..." ती बोलता बोलता थांबली. मग गुंडोकडे वळली. "गुंडोमामा, तुम्ही मशीन बंद कसं करता?"

"कसं म्हणजे? किल्ली फिरवून."

"कापणी थांबल्यावर किती वेळानं?"

गुंडोची छाती फुगली. "किती वेळानं? वेळ कसला? तुळजाजींची, तुझ्या आजोबांची शिस्त आहे, पोरी. शेवटची पेंढी आत गेली की किल्ली फिरली. हात थांबला की इंजिन थांबलं. आपल्या पोरांनी एक घोट डिझेल कधी वाया घालवलं नाही. तो नायकर, त्याचे ड्रायव्हर बघ! यंत्र चालूच, आणि हे वर बसून विडी ओढतायत, गावच्या गप्पा करतायत. पाच-पाच मिनिटं! आळशी लोक. लाज नाही."

हरिणीनं पिन खाली ठेवली. सीतालक्ष्मीच्या हातात तो हिरवा पत्रा होता, आणि तो तिला एकाएकी जड झाला.

तिला सगळं कळलं. हरिणीनं पुढं जे समजावून सांगितलं ते इतरांसाठी होतं. गॅस बंद केला तरी कढईतला पाक पुढं शिजतच राहतो. उलथनं थांबवलं की तळाशी लागतो. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, पण तो दांडा तापलेलाच असतो, फिरतच असतो. त्याला थोडा वेळ हवा असतो, निवायला. दिवसातून सात-आठ वेळा, यंत्र पूर्ण तापलेलं असताना, त्यांच्या शिस्तीच्या पोरांनी तो वेळ त्याला दिला नव्हता. नायकरचे टर्बो आळसानं वाचले होते. यांचे शिस्तीनं जळले.

"पण हे कुठंतरी लिहिलेलं असतंच," हरिणी म्हणाली. "कॅबमध्ये स्टिकर असतो."

"आहे की," गुंडो म्हणाला. "स्टेरिंगच्या वर. पंजाबी अक्षरं. यंत्र पंजाबातनं आलं ना, तिकडचा मंत्र असेल म्हणून आयुधपूजेला आम्ही चंदन-कुंकू लावतो. चांगला जपलाय."

हरिणीनं कपाळाला हात लावला. "आणि पुस्तक? इंग्रजी पुस्तक येतं बरोबर."

आता सगळे गिरिधरकडे बघू लागले. तो उठला. अंगावरचं उपरणं सारखं करत आतल्या खोलीत गेला. कपाटाचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक जाड पुस्तक होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीचं सील अजून तसंच होतं.

"जपून ठेवलं होतं," तो म्हणाला.

"दोन वर्षं?" विद्युलता म्हणाली.

"वॉरंटीला लागेल म्हणून."

राममूर्तीनं दातानं पिशवी फाडली. हरिणीनं पानं उलटली, एका जागी बोट ठेवलं आणि पुस्तक काकांपुढं धरलं. गिरिधरनं चष्मा लावला आणि हळूहळू, शब्द शब्द लावत मोठ्यानं वाचलं. काम संपल्यावर इंजिन तीन ते पाच मिनिटं भार न देता चालू ठेवावं. मगच बंद करावं. असं न केल्यास टर्बो जळेल. शेजारी काळ्या चौकटीत आडवा हात दाखवलेला होता.

त्यानं पुस्तक मिटलं. क्षणभर वाटलं, आता तो काहीतरी मोठं बोलणार. सीतालक्ष्मीनं श्वास रोखला. बोलायचा त्याचा हक्क होता.

पण तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले. मग आवाज आला. "मूर्ती," तो म्हणाला, "तुझ्या ऊराला सांग, मोठा भाऊ चोर नाही. नुसता बिनडोक आहे."

राममूर्ती हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता. छप्पन वर्षांचा, उन्हानं रापलेला, मान एवढी जाड की दुरून बैल वाटावा असा माणूस. पण सीतालक्ष्मीला तो पाच वर्षांचा दिसला, अण्णाची पेन्सिल मोडून माडीच्या जिन्याखाली लपलेला. तेव्हाही त्याला माफ कर म्हणता यायचं नाही. तेव्हाही तो असाच, काहीतरी भलतंच मागायचा.

"वैनी," तो म्हणाला, "ती डांगर पच्चडी उरली असेल ना?"

"श्राद्धाच्या दिवशी दुसऱ्यांदा जेवत नाहीत, भावजी."

"जेवत नाही. नुसती चाखतो."

विद्युलतानं वाटीत पच्चडी आणली. तिनं ती राममूर्तीच्या हातात दिली. त्यानं ती तशीच पुढं, गिरिधरच्या हातात दिली. "अण्णा, आधी तू घे," तो म्हणाला. आणि मग, वाटी भावाच्या हातात असतानाच, घाईघाईनं, "उद्या सकाळी आर्डर दे. टर्बोचंच. मी लोकांच्या तोंडाला लागलो. ते काय मी बस स्टँडवर निस्तरतो, तू बघू नको."

गिरिधरनं बोटभर पच्चडी चाखली आणि वाटी परत दिली. "मोहरी कमी आहे," तो म्हणाला.

"कमी नाही!" विद्युलता ओरडली, आणि तिचा आवाज परत मिरजेचा, पूर्ण मोठा झाला, तेव्हा कुठं सीतालक्ष्मीनं कोंडलेला श्वास सोडला. सकाळपासून छातीवर जे काही बसलं होतं, ते उठून गेलं. तिला दोघांपैकी एकाचंही नाव घ्यावं लागलं नव्हतं.

फक्त गुंडो हसत नव्हता. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हणजे आम्ही जाळले," तो म्हणाला. "मालकांचं ऐकलं म्हणून जळले."

"गुंडोमामा, तसं नाही..." हरिणी म्हणाली.

"तसंच आहे. पण मी पाटी काढणार नाही. मालकांचा शब्द आहे तो. तेहतीस वर्षं आहे. उद्या पोरांना कसं सांगू, की मालक चुकले?"

भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनी बहिणीकडे.

सीतालक्ष्मी उठली. गुडघे कटकट वाजले. ती गुंडोपुढं जाऊन उभी राहिली.

"गुंडो, अप्पा चुकले नाहीत. तेव्हा डिझेल नव्हतं. तेव्हा जे इंजिन होतं, त्याला ती पाटी बरोबर होती. ट्रॅक्टरांना अजून तेच साधं इंजिन आहे. त्यांच्या पाट्यांना तू हात लावू नको. जुन्या दोन हार्वेस्टरनाही नको. पण ह्या इंजिनाला अप्पांनी बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर स्वतः माझ्यापुढं दुसरा पत्रा ठेवला असता. अक्षर माझं आहे, ते बदलायचा हक्कही माझा. वर गेल्यावर मी त्यांना सांगेन काय सांगायचं ते."

गुंडोनं नाक पुसलं. "पण पोरांना घड्याळ कुठं कळतं, अक्का? पाच मिनिटं म्हटलं की कुणी एकात संपवतो, कुणी अर्धा तास झोपतो."

हे खरं होतं. हरिणी म्हणाली, टायमर लावता येईल. राममूर्ती म्हणाला, मोबाईल वाजवू. गिरिधर म्हणाला, शंभर अंक मोजायला लावू, दोनदा, तीनदा. विद्युलता मात्र काही न बोलता आत गेली आणि पितळी पेल्यात भरून ताक घेऊन आली. वर कढीपत्ता, हिंग, चिरलेली मिरची. डोळे पुसणाऱ्या गुंडोच्या हातात तिनं तो पेला दिला. गुंडो ते पिऊ लागला. मिरची तिखट होती, म्हणून हळूहळू, मध्ये थांबत, हाशहुश करत.

सीतालक्ष्मी बघत राहिली. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि परत गुंडोकडे.

"सव्वा चार मिनिटं," पेला संपला तेव्हा ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"कापणीच्या दिवसात ड्रायव्हरांना ताक कोण देतं, मूर्ती?"

"आपणच देतो. ड्रम भरून. पण ते खाली उतरून, सावलीत पितात."

"यापुढं वर देत जा. कॅबमध्ये. इंजिन चालू ठेवून बसायचं, ताक प्यायचं, मग किल्ली. आणि मिरची कमी घालायची नाही."

गिरिधरनं टाळी वाजवली. राममूर्ती आता हसला, मोठ्यानं, पोट धरून.

ऊन उतरायच्या आत ती मागच्या अंगणात पाट टाकून बसली. इनॅमलचा डबा दुकानातून नाही, शेजारच्या हार्डवेअरमधून आला. हात पूर्वीसारखा स्थिर नव्हता, म्हणून दोघं भाऊ पत्र्याची दोन टोकं धरून तिच्यापुढं उकिडवे बसले. "हलवू नको रे," एक म्हणायचा. "तूच हलवतोयस," दुसरा म्हणायचा. वर तिनं मोठ्या तमिळ अक्षरांत लिहिलं, खाली मराठीत. आधी ताक, मग इंजिन बंद. आणखी दोन पत्रे रंगवून पाठव, असं तिनं गुंडोला सांगितलं. आधीच्या दोन नव्या यंत्रांसाठी. मग थोडा विचार करून तिनं कोपऱ्यात, अप्पांच्या वेळेस कधीच केलं नव्हतं ते केलं, आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. यापुढं काही जळलं, तर कुणाला विचारायचं ते लोकांना कळावं.

मार्गळीचा, दारोदार रांगोळ्यांचा महिना असून दिवसभर फक्त त्यांचाच उंबरा कोलमशिवाय, रांगोळीशिवाय होता, श्राद्ध म्हणून. आता विद्युलता पुढच्या दारात वाकून पांढऱ्या पिठाच्या रेघा ओढत होती. रस्त्यावर गाण्याच्या सभांना निघालेल्या बायकांच्या रेशमी साड्यांची सळसळ होत होती.

राममूर्तीला अंधार पडायच्या आत निघायचं होतं. गुंडोनं व्हॅन दाराशी आणून उभी केली. सवयीनं त्याचा हात किल्लीकडे गेला. मग थांबला. त्यानं खिडकीतून विद्युलताकडे हात पुढं केला.

"वैनी, अजून एक पेला आहे की?"

"गुंडोमामा, व्हॅनला टर्बो नाही!" हरिणी हसत ओरडली. "व्हॅनला नको!"

"असू दे, पोरी. हाताला सवय लागली पाहिजे."

व्हॅन दाराशी गुरगुरत राहिली. तेहतीस वर्षं, नुसतं चालू इंजिन ऐकलं की सीतालक्ष्मीची नजर किल्लीकडे जायची. डोक्यावर कॅन घेतलेला तो ड्रायव्हर दिसायचा. आज ती पायरीवर बसून शांतपणे तो आवाज ऐकत राहिली. दोघं भाऊ व्हॅनला टेकून, मन्नारगुडीच्या बस स्टँडवर नक्की काय सांगायचं यावर भांडत होते.

गुंडोनं शेवटचा घोट घेतला, पेला पालथा करून दाखवला, आणि किल्ली फिरवली.